लाल अक्षरं आली, तरी पावती निघाली

वाडीच्या गोदामातून गेलेला औषधांचा ट्रक आम्ही कामठीहून परत बोलावला. मुदत संपलेल्या सिरपची बॅच त्यात चढली होती. सॉफ्टवेअर नवं होतं, मी बसवलेलं. मीटिंगमध्ये उभे होते डिस्पॅच काउंटरचे मेश्रामभाऊ.

"स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती साहेब, मुदत संपली म्हणून. मंग पावती बी निघाली. मले वाटलं, वरून परवानगी आली."

"एरर आला तर पावती निघूच शकत नाही," मी म्हणालो.

"मंग मी काय झूठ बोलून राहिलो का?"

मॅनेजर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तेवढं पुरलं. मेश्रामभाऊंचं काउंटर गेलं. बुटीबोरीच्या गोदामात माल चढवण्यावर बदली.

त्यांचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना. खोटंच बोलायचं होतं, तर लाल अक्षरांचं नाव कशाला काढलं असतं?

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेली क्रमवार कामं. मुदत तपासा, स्टॉक कमी करा, पावती पाठवा. तपासणीत गडबड निघाली, तर आपणच ठरवलेला एरर उठवायचा. जुन्या डेटाबेसमध्ये एरर उठला की प्रोसिजर तिथेच थांबायची. मी ती नव्या डेटाबेससाठी ओळीला ओळ लावून उतरवली. टेस्टिंगला लाल अक्षरं दिसली, मी टिक केली.

आता टेस्ट सर्व्हरवर जुनी तारीख टाकली. लाल अक्षरं आली. मग पहिल्यांदाच स्टॉकचं टेबल उघडलं. स्टॉक कमी झाला होता! हा डेटाबेस एरर दाखवतो आणि खालची ओळ चालवतो. थांबायचं तर 'रिटर्न' वेगळं लिहावं लागतं.

लिहिलं. एकच शब्द. चेंज रजिस्टरमध्ये नोंद केली, 'किरकोळ सुधारणा'. मॅडमना काही बोललो नाही.

मेश्रामभाऊ रिटायर व्हायच्या आठवड्यात बुटीबोरीला गेलो. सगळं सांगितलं. ते खोकी मोजत होते, हात थांबला नाही.

"हे मले काहून सांगता साहेब? मले तं माहीतच होतं. मॅडमले सांगा."

त्याच दुपारी मॅडमना मेल केला. मेश्रामभाऊंच्या फायलीतला ठपक्याचा शेरा काढला गेला. रिटायरमेंटला चारच दिवस उरले होते; काउंटर कोणी परत दिलं नाही.

आता लाल अक्षरं दिसली की मी टिक करत नाही, आधी टेबल उघडतो. आणि 'पण पावती निघाली' असं कोणी म्हणालं, तर खांदे जागेवर ठेवतो.