चावडीपासून वीस पावलं

वलगावच्या चावडीवरची ती दुपार आठवली, की अजून माझी मलाच लाज वाटते. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी.

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीच्या ठाण्यावर जमादार होतो. शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवत होते आणि आमच्या रोजनाम्यात कापूसचोरीखेरीज दुसरं काही येत नव्हतं. एके दिवशी वलगावच्या पाटलानं खबर पाठवली, की अकोल्याकडच्या एका गाडीवानानं मालकाची भरली गाडी लांबवली. त्याला धरून ठेवलाय.

गाडीवान एकच सांगत होता, "गाडी वेशीपाशी सोडली, बैलाइले नदीवर पाणी पाजून आलो, तं गाडीच नाई!" आम्ही सगळे हसलो.

वेशीवर राखण होती ती म्हाताऱ्या महार येसकराची. त्याची जबानी घेतली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो चावडीपासून वीस पावलांवर, उन्हात उभा. मी ओट्यावर, सतरंजीवर. तो हळू बोलायचा, पाटील पुढे होऊन ऐकायचा आणि मोठ्यानं मला सांगायचा, "तो म्हणते, गाडीवानानंच गाडी हाकलली." मी लिहून घेतलं. मला जेवायची घाई होती, खोटं कशाला बोलू?

गाडीवान तीन दिवस कोठडीत होता. गाडी कुठे दडवली ते कबूल करीना, म्हणून मी त्याला फटके देवविले. चौथ्या सकाळी त्याची आई ठाण्याच्या दारात येऊन बसली.

"काऊन मारता माह्या लेकाले? वलगावच्या वेशीवरून आली मी, येसकराले इचारा नं!"

"त्याचीच जबानी आहे, बाई!" मी खेकसलो.

"त्यानं तुमाले सांगतलं, का पाटलानं?"

म्हातारीनं मला पार गार केलं. मी तडक घोडा काढला आणि एकटाच वलगावची वेस गाठली. मी जवळ गेलो तसा येसकर मागे सरकला.

"बसा बाबा," म्हणालो आणि त्याच्यासमोर मातीत बसलो. त्याच्यासारख्या माणसाला मी जन्मात पहिल्यांदा 'अहो-जाहो' केलं. मी कोणाशी बोलतोय, म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. मग बसला.

"गाडीवान नदीवरच होता, साहेब. पाटलाच्या मेव्हण्यानं आपले बैल जुपले. त्यातला एक लंगडते. गाडी पाटलाच्या खळ्यात गेली."

चाकोरीशेजारी लंगड्या बैलाचे खूर उमटलेले होते, थेट खळ्यापर्यंत. कडब्याची गंजी उपसली, तर खाली कापूस! एरवी साऱ्या गावाला दरडावणाऱ्या पाटलाला मेव्हण्यासकट मी ठाण्यावर आणला.

निघताना येसकराला विचारलं, "बाबा, हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगतलं होतं, साहेब. पाटलानं उलटं केलं, तेबी आयकलं. पर तुमी माह्याकडं पाह्यलंच नाई."

गाडीवान सुटला. त्याची आई त्याच्या पाठीला हात न लावता, दंडाला धरून त्याला घेऊन गेली.

पुढे कोणाचीही जबानी घ्यायची असली, की मी ओट्यावरून उतरून त्याच्यापाशी जायचो. जातभाई नावं ठेवायचे, वरचे साहेब हसायचे. हसेनात का. माणसाला मान देणं हा नुसता भलेपणा नाही, ते माझं कामच होतं, आणि ते मी चुकवलं होतं. त्या पोराच्या पाठीवरचे वळ माझ्या हुकमाचे होते. वीसच तर पावलं होती. पहिल्याच दिवशी चाललो असतो, तर ते वळ उठले नसते.