पाणी बदललंस ना?

अक्का गेल्याचा फोन भाचीचा होता, मुदखेडहून. नांदेडच्या घरी सकाळी चहा घेता घेता अक्का खुर्चीत मागे टेकली. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई पेपर द्यायला वर आल्या, तेव्हा कप अर्धा भरलेला होता आणि अक्का नव्हती... लातूर ते नांदेड एस.टी.त मला रडू आलं नाही. ते आलं पाचव्या दिवशी. त्या दिवशी जलदान विधी होता. भंतेजी गाथा म्हणत होते, मी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होतो. पेला भरून पाणी ताटात सांडू लागलं तरी ओतत राहायचं असतं, पण माझा हात थांबला. निव्वळ सवयीने. शेजारी बसलेल्या भाचीने, सुजाताने, माझ्या कोपराला हलकेच हात लावला तेव्हा उरलेलं पाणी सांडलं. विधी उरकल्यावर तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “मामा, आईच्या टाकीचं काय करायचं?”

टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे. अक्काच्या बैठकीत लोखंडी स्टँडवर अडीच फुटांची काचेची पेटी होती आणि तिच्यात समुद्राचं पाणी होतं. म्हणजे घरीच मीठ घालून केलेलं, पण चवीला आणि वागायला समुद्राचंच. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, काही दगड आणि चार गोगलगायी. नांदेडला गोदावरी असताना ही बाई खारं पाणी कशाला सांभाळते, असं अख्ख्या कॉलनीला वाटायचं. मलाही वाटायचं, आणि मी तर तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. समुद्र मी फळ्यावर निळ्या खडूने भरपूर काढला, पण त्याच्याबद्दल मला कधी प्रश्न पडला नाही. सगळे प्रश्न तिलाच पडायचे.

अक्काची सगळी नोकरी दवाखान्याच्या लॅबमध्ये झाली. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून रक्ताचे थेंब बघणं हेच काम. तरुणपणी एकदा सहा डिसेंबरला आम्ही भावंडं चैत्यभूमीला गेलो होतो, तेव्हा अभिवादन करून ती किनाऱ्यावर उतरली आणि पाण्याची बाटली भरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यातला थेंब काचपट्टीवर ठेवून तिने पाहिला. त्यात काय काय वळवळत होतं हे ती मला आठवडाभर सांगत होती. मग बाटलीला घाण वास सुटला. त्यातलं सगळं का मेलं, हा प्रश्न तिने चाळीस वर्षं सांभाळून ठेवला आणि निवृत्त झाल्यावर, स्वतःसाठी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन, तो पुन्हा हातात घेतला.

टाकी मांडून पंधरा दिवस होतात तोच आत सगळीकडे तपकिरी थर बसला. वाळूवर, दगडांवर, काचेवर, जणू कुणी कोको पावडर शिंपडली होती. मी म्हटलं, औषध टाक काहीतरी. ती म्हणाली, आधी बघू तर दे कोण आलंय ते. तिने थर खरवडून काचपट्टीवर घेतला आणि मला नळीत डोळा घालायला लावला. आत बारीक बारीक होड्या होत्या, पारदर्शक, एकीसारखी दुसरी.

“ह्यांची घरं काचेची हायत, बाळू,” ती म्हणाली. “पाण्यात विरघळलेली वाळू खातेत आन् काच करतेत. आपल्या बोअरच्या पाण्यात ती लई हाय. म्हंजे मीच जेवायला बोलावलं की ह्यांना.”

पहिल्यांदा टाकी बोअरच्या पाण्याने भरली ही चूक तिने त्याच दिवशी कबूल केली आणि पुढे आर.ओ.च्या पाण्यातच मीठ कालवू लागली. तपकिरी थर गेला तर हिरवं शेवाळ आलं. नव्या टाकीचं हे दुखणं असतंच म्हणायची. दिवा सात तासांवर आणला, माशांचं खाणं एका वेळेवर, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. जुन्या ए.टी.एम. कार्डाने काच खरवडायची, दगड दातांच्या ब्रशने घासायचे. पण मागची काच मात्र ती कधीच घासत नसे. गोगलगायींनी खायचं काय, आणि आपण तरी बघायचं काय, असं तिचं म्हणणं. तिच्या लेखी शेवाळ आटोक्यात ठेवायचं म्हणजे त्याला त्याची जागा दाखवायची, हाकलायचं नाही.

या सगळ्यात मुख्य काम पाणी बदलण्याचं. दर रविवारी दोन बादल्या जुनं पाणी काढून फेकायचं आणि तेवढंच नवं घालायचं. माशांची घाण पाण्यात विरघळते आणि शेवाळाला तेच खत होतं. हे मला पटत होतं, सोसत नव्हतं. मी लातूरचा माणूस. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी झाडाला जातं आणि अंघोळीचं संडासात. खारं पाणी तर झाडालाही चालत नाही, ते नुसतं मोरीत जाणार. शिवाय आमच्या आईने औशाजवळच्या आमच्या गावात, दुसऱ्याने वरून ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायलंय. ओतणाऱ्याच्या मर्जीनं ती धार थांबायची. हे अक्कालाही ठाऊक होतं. पण तिचा हात सैल झाला होता, माझा झाला नाही.

गेल्या वर्षी अक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती मुदखेडला लेकीकडे राहिली. टाकीसाठी मी नांदेडला बारा दिवस मुक्कामाला होतो. तिने दोनदा पाणी बदलायला सांगितलं होतं. मी दोन बादल्या काढल्या, मोरीपर्यंत नेल्या... आणि परत आणल्या. माझा लाल काठाचा पंचा चौपदरी करून त्यातून पाणी तीनदा गाळलं. काचेसारखं नितळ दिसलं. तेच पाणी पुन्हा टाकीत ओतलं. पुढच्या रविवारीही तेच केलं आणि स्वतःवर खूश झालो. वर, मासे उपाशी वाटले म्हणून मूठभर खाणंही जास्त टाकत गेलो.

अक्का काळा चष्मा लावून परत आली तेव्हा दगडांवर शेळीच्या केसांसारखं हिरवं शेवाळ लोंबत होतं. एक मासा कोपऱ्यात गप्प उभा होता. तिने दोन महिने राबून स्वच्छ केलेली टाकी होती ती. खुर्ची ओढून ती समोर बसली.

“पाणी बदललंस ना?” तिने विचारलं.

“हाव,” मी म्हटलं.

“मग दुसरंच काहीतरी हाय,” ती म्हणाली. “शोधू की.”

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येई आणि दर वेळी नवा तर्क असे. दिव्याचा रंग बदलला असेल का? मिठाचं पाकीट जुनं असेल का? भाडेकरूंनी फवारलेलं डासांचं औषध वर आलं असेल का? तुला काय वाटतंय, बाळू, असं विचारून ती थांबायची. मी हं हं म्हणायचो. शोध घेण्यावर जिचा एवढा जीव, तिला मी खोट्या वाटेवर फिरवतोय याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आणखी गप्प बसायचो. मासा वाचला, टाकीही हळूहळू निवळली. नंतर मी दोनतीनदा नांदेडला गेलो, पण टाकीचं झाकण उघडलं नाही. सांगेन पुढच्या खेपेला, असं म्हणत वर्ष गेलं.

सुजाताला टाकी दुकानदाराला द्यायची होती. मी म्हटलं, लातूरला नेतो. जावयांची जीप आली, आम्ही मासे पिशवीत घेतले, दगड त्यांच्याच पाण्यात बुडवून बादलीत ठेवले. शेवटी पंप काढायला झाकण उचललं, तर मागच्या कोपऱ्यात पाणी पडायच्या नळीच्या तोंडाला कापडाची लांबट पिशवी बांधलेली होती, पाण्यातला गाळ धरायला. हातशिलाई अक्काची. कापडाचा काठ लाल, आणि एका कोपऱ्यात इस्त्रीचा तपकिरी डाग. पंचा माझा होता.

तो मी तेव्हा दोरीवर वाळत घालून विसरलो होतो. मिठाने वाळून पापडासारखा कडक झालेला पंचा तिने पहिल्याच दिवशी पाहिला असणार. म्हणजे ते दर रविवारचे तर्क... तिला शेवाळाचं कारण ठाऊक होतं. ती मला बोलायला जागा करून देत होती, आणि मी हं हं म्हणत होतो. त्या भरल्या घरात मी पिशवी हातात धरून हमसाहमशी रडलो. जावई म्हणाले, मामा, मासे गुदमरतेत, चला.

आता टाकी माझ्याकडे आहे, आणि टाकीसमोर अक्काची खुर्चीही. जागा बदलली, त्यामुळे तपकिरी होड्या पुन्हा आल्या आहेत. पुढची काच मी खरवडतो, मागची ठेवतो. पिशवी दोन दिवसांनी धुतो, कारण तिच्यात अडकलेलं तिथेच कुजू दिलं तर गाळून उपयोग नसतो, हे मला आता कळतं. रविवारी दोन बादल्या भरतो आणि मोरीत ओततो. पहिल्या रविवारी हात अडला, तरी ओतलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत उभा राहिलो, आत येऊन तेवढंच नवं पाणी घातलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीला सांगितलं, “हाव अक्का. बदललं.”