एकशे बासष्ट मॅचेसचा भात

आमचा संघ हरणारा होता, हे आधीच सांगून टाकते. नाव सांगणार नाही, हरणाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये. संघ बेसबॉलचा, अमेरिकेतल्या एका मध्यम शहराचा. त्याचे पुण्यात, वारज्याच्या एका तीन मजली सोसायटीत, दोन कट्टर चाहते राहत होते: मी आणि माझे सासरे. दोघांपैकी कोणीही त्याची एकही मॅच डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

त्याचं असं झालं. मी तेव्हा औंधला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी म्हणजे भाड्याचा बंगला. हॉलमध्ये आठ कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात सर्व्हर आणि बाथटबमध्ये मॉनिटरची रिकामी खोकी. दर सोमवारी संध्याकाळी अमेरिकेहून क्लायंटचा फोन यायचा. स्पीकरफोनभोवती आम्ही सहाजण माना वाकवून बसायचो. तिकडचे जे मुख्य होते, त्यांना आम्ही आपसात ‘काका’ म्हणायचो. हे काका कामाला हात घालण्याआधी दहा मिनिटं बेसबॉलवर बोलत. नमनाला घडाभर तेल. आम्ही सहाजण ‘यस, यस’ म्हणत एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. शेवटी आमचा टीम लीड मला म्हणाला, “तू शिकून घे हे प्रकरण. तुझे सासरे स्कोअरर होते ना?”

होते. सासऱ्यांची नोकरी चिंचवडला, कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, पण रविवार मात्र तीस वर्षं क्लब क्रिकेटच्या स्कोअरबुकात गेले. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेतली भाड्याची जागा सोडून ते सासूबाईंसह आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर राहायला आले आणि गप्प झाले. वारजं त्यांना मानवलं नाही. “इथे भांडायलासुद्धा माणूस नाही,” म्हणायचे. भाजी आणायला रविवारी बसने मंडईत जात. वारज्यात भाजी मिळते हे त्यांना मान्यच नव्हतं. माझ्याशी त्यांचं बोलणं तीन वर्षांत “डबा घेतलास?” आणि “हो, बाबा” एवढंच झालं होतं. वाकडं काही नव्हतं, पण विषयच नव्हता.

मी ऑफिसात इंटरनेटवरून एका मॅचचं सगळं वर्णन छापून घेतलं. कोणी चेंडू टाकला, कोणी मारला, कोण कसा बाद झाला, ओळीखाली ओळ. आठ पानं झाली. ती बाबांपुढे ठेवली आणि म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, “शेवट सांगू नकोस.”

तिथून आमची रीत पडली. रोज संध्याकाळी मी आदल्या रात्रीची मॅच कागदावर घेऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, गॅलरीत चहाबरोबर, ती खेळली जायची. बाबा टूलरूममधली स्टीलची पट्टी कागदावर आडवी ठेवत आणि एकेक ओळ खाली सरकवत. पुढचं दिसू नये म्हणून. शेजारी स्वतः आखलेल्या वहीत पेन्सिलीने नोंद. मला निकाल आदल्या दिवसापासून माहीत असायचा, पण चेहरा कोरा ठेवावा लागे. एकदा आमचा खेळाडू बाद होणार म्हणून मी आधीच “अरेरे” केलं, तर त्यांनी पट्टी उचलून माझ्याकडे रोखली. “बाईसाहेब, आपण आत जाऊन बसा.” साडेसातला हायवेवर कंपनीची मिनीबस येई. कित्येकदा मी ती धावत पकडली, कारण नऊपैकी आठव्या इनिंगमधून उठणं बरं दिसत नसे.

पहिल्या एप्रिलमध्ये संघ सुटला तो सुसाट. मी हुरळून गेले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हटलं. बाबा म्हणाले, “आणि नव्याचे नऊ दिवस असतात, तेही लक्षात ठेव.” मी शितावरून भाताची परीक्षा काढली. त्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “हा सीझनच्या एकशे बासष्ट मॅचेसचा भात आहे. दहा शितं दाबून काय कळणार?”

मग त्यांनी मला मुद्दा समजावला आणि तो मी आजही विसरलेले नाही. संघात पाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, पाळीपाळीने मॅचची सुरुवात करतात. आमचे पहिले तीन उत्तम, चौथा बरा आणि पाचवा भरतीचा. एप्रिलमध्ये तिकडे गारठा, पाऊस, शिवाय वेळापत्रकात सुट्ट्या. त्यामुळे पाचव्याची पाळी आली तरी त्याला वगळून पहिल्याला पुन्हा आणता येतं. “मे लागू दे. रोजच्या रोज मॅच सुरू झाली की पाचव्याला झाकून ठेवता येणार नाही. घरातलं फुटकं भांडं पाहुणे वाढले की बाहेर काढावंच लागतं.” मे महिन्यात अगदी तसंच झालं. मला त्यांचा राग आला, जणू पाचव्याला त्यांनीच संघात घेतलं होतं.

त्यांची मतं बरीच होती आणि ती बदलायची नाहीत. बंट त्यांना अजिबात खपत नसे. आधीच तळावर पोचलेला आपला गडी पुढच्या तळावर सरकावा म्हणून चेंडू नुसता टेकवायचा आणि स्वतः बाद व्हायचं. “नऊ इनिंग मिळून पदरात सत्तावीसच बाद. त्यातला एक हौसेने देऊन टाकायचा? कोणाच्या बापाचा आहे?” पुढे कितीतरी वर्षांनी तिकडचे आकडेमोड करणारे हेच सांगू लागले, तेव्हा मी पेपर वाचता वाचता एकटीच मोठ्याने हसले. एक डावखुरा पिचर शेवटी शेवटी येऊन सामना वाचवायचा, त्याला संघाचे मॅनेजर एप्रिलपासून रोज राबवतात हेही त्यांना मान्य नव्हतं. “ऑगस्टमध्ये याचा हात गळून पडेल.”

चुकायचेही, पण तेही थाटात. एकदा मला म्हणाले, “तुझ्या काकांना सांग, दुसऱ्याच्या मैदानावर ही पोरं उगाच जिंकायला जातात. कुवत नसली की सामना अनिर्णित ठेवावा.” आणि मी शहाणी, सोमवारी स्पीकरफोनवर ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे काका इतके हसले की टीम लीड घाबरला. बेसबॉलमध्ये बरोबरी नसतेच, त्यांनी सांगितलं. कोणीतरी जिंकेपर्यंत इनिंग वाढवत नेतात. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. “म्हणजे सुटकाच नाही?” म्हणाले. “हे अमानुष आहे.”

पण त्या सोमवारपासून काका फोनवर आधी विचारायचे, सासरे काय म्हणतात? मी बाबांची मतं सांगायचे. पाचव्या पिचरबद्दलचं त्यांचं भाकीत खरं ठरलं तेव्हा काकांनी त्यांना ऑफिसमध्ये नोकरी देऊ केली, गमतीने. या सगळ्यात माझं एक झालं. वर्षभर मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी मी, आता बेसबॉलनंतर कामाबद्दलही बोलू लागले. काका माझं नाव घेऊन प्रश्न विचारू लागले. आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांनी मागणी केली की नवीन प्रोजेक्टसाठी पुण्याहून एकीला सहा महिने तिकडे पाठवा, आणि ती हीच पाहिजे.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. नवरा म्हणाला, जा. सासूबाई दोन दिवसांनी म्हणाल्या, “सहा महिने म्हणजे काही फार नाही, मी बघीन पोरीला.” बाबा म्हणाले, “लेकराला आई लागते.” मी म्हटलं, तिला तिचे बाबा आहेत, आजी आहेत, तुम्ही आहात. ते म्हणाले, “मग विचारतेस कशाला?” आणि त्यांनी अबोला धरला.

मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार लागला. मी हट्टी आहे, मी माफी मागितली नाही, पण जाण्याचा आनंद पार नासला. ज्या माणसाच्या मतांच्या जोरावर माझी निवड झाली, तोच माझ्याशी बोलत नव्हता. त्याने जा म्हणावं एवढंच मला हवं होतं.

त्यात एप्रिल लागला, सीझन सुरू झाला. मी छापील मॅच आणून गॅलरीतल्या टेबलावर ठेवायचे, कारण ते बंद करणं मला जमेना. बाबा सकाळी ती एकटे खेळायचे, मी आत डबा भरायचे. मधली भिंत जाडजूड नव्हती. आणि बेसबॉलबद्दल मत मनात ठेवणं बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना हाक मारली. “अगं, तिला सांग, डावखुऱ्याला यंदाही पहिल्या दिवसापासून जुंपलाय. मागच्या वर्षीचं काही शिकले नाहीत.”

सासूबाईंना बेसबॉल म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्या तीन पावलं चालून माझ्यापाशी आल्या. “ते म्हणतायत, डावखुऱ्याला रोज चूल फुंकायला लावतात. धूर जाऊन जाऊन डोळे जायचे त्याचे.”

मी म्हटलं, “त्यांना सांगा, यंदा दुसरा एक मदतीला घेतलाय.”

त्या परत तीन पावलं गेल्या. “ती म्हणतेय, हाताखाली बाई ठेवलीये.”

हे दोन आठवडे चाललं. सकाळी सहा ते साडेसात सासूबाई फेऱ्या घालत होत्या. संघ पुन्हा सुसाट सुटला होता आणि बाबांना त्यावर काडीचा विश्वास नव्हता. यंदा पाचवा पिचर नवा होता, तरणा, त्याच्यावर मी भाळले होते. बाबांचा निरोप आला, की त्याने अजून एकाच संघाला दोनदा तोंड दिलेलं नाही, लोक त्याला ओळखू लागले की बघा. सासूबाईंनी तो असा पोचवला: “नवी सून पहिले दोन महिने गोडच बोलते, म्हणतायत.” आणि मग स्वतःच्या पदरचं जोडलं, “तुला नाही हं म्हणाले, त्या पाचव्याला म्हणाले.” मला हसू आलं. पलीकडे बाबा खोकले, तेही हसू दाबायलाच, याची मला खात्री होती. तरी त्यांनी मान वळवून आत पाहिलं नाही. मला वाटलं, हा माणूस असाच राहणार आणि मी अशीच विमानात बसणार.

निघायच्या दिवशी दुपारी मुंबईची टॅक्सी होती. मी सकाळी शेवटची मॅच टेबलावर ठेवली आणि आत बॅग भरायला बसले. बाहेर पट्टी सरकल्याचा आवाज येत होता. मुलगी झोपलेली. मग नेहमीची हाक आली, “अगं, तिला सांग,” आणि पुढे काही आलंच नाही. सासूबाई गॅलरीत गेल्या. बाबा हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मला शब्द कळत नव्हते. त्यातलं काही पिचरबद्दल नव्हतं एवढं मात्र कळत होतं, कारण पिचरबद्दल ते हळू आवाजात कधी बोललेच नाहीत.

मग सासूबाईंचा आवाज आला, चांगला मोठा.

“हा निरोप मी नेणार नाही. पंधरा दिवस तुमचे डावखुरे आणि उजवे वाहिले, कंबर गेली माझी. हे तुमचं तुम्ही सांगा.”

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि त्यांनी मुद्दाम भांड्यांचा आवाज केला. बऱ्याच वेळाने बाबा खोलीच्या दारात आले. हातात पेन्सिल तशीच होती. आत आले नाहीत. बॅगेकडे बघत बोलले.

“पोरीचं कारण मी उगाच पुढे केलं. पोर राहील. तिला आजी आहे, बाप आहे. ती चार दिवस रडेल आणि मग खेळेल.” पेन्सिल या हातातून त्या हातात घेतली. “सकाळचं मला काय करायचं ते कळत नाहीये.”

मी बॅगेवरच बसून रडले आणि ते दारात उभे राहिले. जवळ येऊन पाठीवर हात ठेवणं त्यांना येत नव्हतं आणि मलाही त्यांच्याकडून ते नको होतं. ते उभे होते, तेवढं पुरे होतं. थोड्या वेळाने मी डोळे पुसले.

“मी ऑक्टोबरात येतेच आहे, बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “ऑक्टोबरात सीझन संपलेला असतो.”