कुंकू लावलेली पट्टी

आलापल्लीजवळच्या आरामशीनवर फळ्या कापणाऱ्या कारागिरावर अन्याय झाला तो सत्तावन्न साली, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तो मेला, हा एक अन्याय. मोहाची दारू पिऊन करवतीच्या चक्रीवर पडला असं मालकाने दुपारच्या आत गावभर केलं, हा दुसरा.

"गेला तो गेला, भाऊ," त्याची बायको मला म्हणाली. "त्याले दारुड्या म्हणू देऊ नका. त्यानं कधी थेंब घेतला नाई. पोरी लग्नाले आल्या आहेत."

मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं काढायचो. लगेच लिहिलं, 'रक्तपिपासू करवतीने श्रमिकाला उभा चिरला!' प्रेत पाहिलं नव्हतं, पण पत्रकाला प्रेत कशाला लागतं? मग मालकाच्या घरी जाऊन त्याला झाडलं. त्याने मला देवघरापाशी बसवून सगळं ऐकून घेतलं आणि प्रसादाचा पेढा दिला. तो मी खाल्लाही. सकाळपासून उपाशी होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी चादर काढली. अंगावर करवतीचा ओरखडासुद्धा नव्हता. पोटावर फक्त फळीच्या टोकाएवढा चौकोनी, काळानिळा डाग. तेवढा पाहून मी श्रमिकांच्या वतीने फरशीवर आडवा झालो.

तोंडावर पाणी मारून डॉक्टरांनी सांगितलं की पोटात दारू नाही. फळी चक्रीत आवळली, उलट उडाली आणि पोटात बसली. आतल्या आत रक्त गेलं. चिरलेल्या फळीची फट मिटू नये म्हणून पात्यामागे एक लोखंडी पट्टी असते. ती होती का, त्यांनी विचारलं.

ती मी पाहिली होती. देवघरात, पेढ्याच्या ताटाशेजारी. दसऱ्याला मशीनचा एक भाग सोडवून घरी पुजायचा आणि कोजागिरीपर्यंत हलवायचा नाही, ही मालकाच्या घरची रीत. मशीन मात्र दुसऱ्या दिवसापासून चालू!

पोलीस जमादाराला घेऊन धावलो. देवघरातली जागा रिकामी. मशीनवर पट्टी बसवलेली, आणि मालक म्हणतो, ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून इथंच आहे. मी भाषण सुरू केलं आणि आवेशात पट्टीवर हात मारला. हात लाल! मी पुन्हा आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात जमादाराने माझा हात आपल्या नाकाजवळ नेला.

"कुंकू आहे, भाऊ. उभे राहा." मग मालकाकडे वळून म्हणाला, "शेठ, चार-पाच दिवस सागाच्या फळ्या घासून राह्यल्या अन् कुंकू तसंच? झेंडूची पाकळी पण चिकटून आहे."

पंचनाम्यात पट्टी आली, दारू आली नाही. तो मी त्याच्या बायकोला वाचून दाखवला. तिने पोरींना बोलावून पुन्हा वाचायला लावला. मालकाला कोणी हात लावला नाही आणि आठवड्यात मशीन सुरू झालं.

तुमच्या गावात आरामशीन असेलच. आजच जा, पात्यामागे पाहा. पट्टी नसेल तर आधी मशीन बंद पाडा. पत्रक नंतर लिहा.