पाणी कुठवर आलं होतं?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोल्हापुरातलं बाईंच्या घराचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. नाव सांगणार नाही. बाई प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका, एवढं पुरे.

त्यांचे मिस्टर साखर कारखान्यात होते, राहायला कारखान्याची क्वार्टर. म्हातारपणासाठी नदीकडच्या भागात बैठं घर बांधून ठेवलं होतं. तिथं राहायला जायच्या आधीच मिस्टर गेले. पूरपट्ट्यात एकटीनं राहायची बाईंची हिंमत होईना, म्हणून घर रंगवून विक्रीला काढलं. गिऱ्हाईक ठरलं, उंचावरच्या भागात छोटा फ्लॅटही बघून झाला. आणि एक दिवस घरी गेल्या तर दारात परक्या चपला! आतला माणूस म्हणाला, "मी भाडेकरू. महापुराच्या आदल्या वर्षापासून राहतोय." हातात भाडेकरार, खाली बाईंची सही.

आमच्या पोलीस ठाण्यात बाईंना मिळालेलं उत्तर सांगायची मला आजही लाज वाटते. "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "साहेब, क्वार्टर महिनाअखेर सोडायचीय. गिऱ्हाईक तोवरच थांबणार. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी राहू कुठं?" रडल्या नाहीत. वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, म्हणूनच जास्त लागलं.

सही खोटी ठरवायची तर हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल हवा, आणि तो काही महिनाअखेर पाहून येत नाही. शेजाऱ्यांकडे गेलो, तर त्यांनी हात जोडले. "आमाला कोर्टाच्या भानगडीत घेऊ नका की साहेब."

मग एका दुपारी ठाण्यात एक रंगारी आला. शर्टावर रंगाचे शिंतोडे तसेच. "साहेब, त्या घराला रंग मी दिलाय. तवा आत चिटपाखरू नव्हतं. चावी एजंटानं दिलती." घर विकून देण्यासाठी बाईंनी ज्याला चावी सोपवली होती, तो हा एजंट. जाता जाता रंगारी म्हणाला, "बाईंनी सांगितलतं, सगळं रंगवा, पण भिंतीतल्या कपाटात आतनं ब्रश लावू नका. महापुरात पाणी कुठवर चढलं, ती रेघ त्यांच्या मालकांनी तिथं मारलीया." मी जागच्या जागी टोपी उचलली.

दोन पंच आणि हवालदार घेऊन घरी गेलो. भाडेकरू महाशयांनी खुर्च्या मांडल्या. कराराचं मी नावच काढलं नाही, पुराच्या गप्पा सुरू केल्या. हवालदार शिरोळचा, त्याचं स्वतःचं घर बुडालेलं. मी काही सांगायच्या आत तो उठला, भिंतीपाशी गेला आणि हात उंचावला. "हितवर आलतं आमच्यात. म्हसरं पवत बाहेर काढली."

"आणि या घरात कुठवर आलं होतं?" मी महाशयांना विचारलं.

ते खुर्चीतच. "दोनेक फूट असंल. आमी घरातच हुतो की! कॉटवर बसून दिवस काढलं."

मनात म्हटलं, सापडलास! पूर ज्याच्या घरात शिरला तो माणूस फुटात सांगत नाही. तो उठतो, भिंतीला हात लावून दाखवतो. महापुराच्या बंदोबस्तात घरोघरी मी हे पाहिलं होतं.

पंचांसमोर कपाट उघडलं. खाली यांच्या बॅगा कोंबलेल्या. वर बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. छताजवळ मातकट डाग, त्यावर पेन्सिलची रेघ आणि शेजारी सुबक अक्षरात 'पाणी इथपर्यंत'. महाशयांना रेघेखाली उभं केलं. डोक्यावर हातभर अंतर राहिलं.

"कॉटवर बसला होतात ना? श्वास कुठून घेत होतात?"

पंचांनाही हसू आवरेना. ठाण्यात नेल्यावर तासाभरात सगळं बाहेर आलं. बाईंनी एजंटाला दिलेल्या पत्रावरची सही गिरवून करार बनवला होता. थोडे दिवस घर अडवून बसायचं, म्हणजे बाई कंटाळून पडेल त्या भावात एजंटालाच घर देतील, असा डाव. बेकायदा प्रवेश, बनावट दस्तऐवज, फसवणूक, असा रीतसर गुन्हा दाखल केला आणि एजंटाला त्याच संध्याकाळी उचललं. महाशयांनी आपलं सामान आपल्याच हातांनी बाहेर काढलं. पंचांसमोर चावी बाईंच्या हातात ठेवली, तेव्हा झालेला आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. शेजारीही बाहेर आले. "आमी म्हणतच हुतो की साहेब!"

'दिवाणी मामला' हे शब्द त्यानंतर मी कुणा तक्रारदाराच्या तोंडावर फेकले नाहीत. आधी घर बघून यायचो. कागद कुणीही बनवतो, पण घरात काय घडलं ते घराला विचारावं लागतं, हे मी तिथं शिकलो.

महिनाअखेरच्या दोन दिवस आधी बाईंनी गिऱ्हाइकाला घर दाखवायला बोलावलं, मलाही या म्हणाल्या. गिऱ्हाईक घरात येताच त्यांनी आधी कपाट उघडलं. "रंगामुळं बाहेर दिसत नाही, म्हणून दाखवते. पाणी तिथवर आलं होतं." टाचा उंचावून हात वर केला, पण पोचेना. गिऱ्हाईक उंचापुरा गडी. त्यानं पुढं होऊन रेघेवर हात ठेवला.

"वर मजला चढवायचाच हाय बाई," तो म्हणाला. "आणि ही रेघ मीबी न्हाय रंगवणार."