आपली पोरगी आपण मोजायची नाही

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका तरुण सहकाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही ज्या स्पर्धांत पळायच्या, त्या मान्यताप्राप्त होत्या का?" प्रश्न साधा होता, पण माझं डोकं तापलं. म्हटलं, "नव्हत्या. आणि तुमच्या मान्यताप्राप्त स्पर्धांपेक्षा शंभरपट बऱ्या होत्या." बिचारा अर्धा चहा तसाच ठेवून वर्गावर गेला. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. माझ्या स्वभावाला तर मला ते नकोच आहे.

आता ज्याला सगळे छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या आमच्या औरंगाबादच्या आसपास गावाकडची सात-आठ कॉलेजं होती. विद्यापीठाच्या स्पर्धांना या कॉलेजांची पोरं हौसेनं जायची आणि पहिल्याच फेरीत बाद होऊन दुपारच्या एसटीनं परत यायची. शहरातल्या पोरांकडे खिळ्यांचे बूट होते, शिकवायला कोच होते. आमच्याकडे नुसता उत्साह होता आणि तोही अनवाणी. शेवटी या कॉलेजांच्या स्पोर्ट्सच्या सरांनी एकदा बसस्टँडच्या कँटीनमध्ये बसून ठरवलं की आपण आपल्याच स्पर्धा भरवू. नाव असं लांबलचक ठेवलं की ते ढालीवर मावेना. मग ढालीवर नुसतं 'मंडळ' कोरलं आणि आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मंडळ दरवर्षी वेगळ्या गावी भरायचं. जेवायला पिठलं-भाकरी, झोपायला वर्गातल्या सतरंज्या, आणि मैदान म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत शेळ्या चरत असलेला माळ. पण नियम असे कडक की भल्याभल्यांनी शिकावं. यजमान कॉलेजानं ट्रॅकला हात लावायचा नाही. आदल्या संध्याकाळी पाहुणे यायचे आणि टेप धरून, दोऱ्या ताणून, फक्की मारून पांढऱ्या रेषा तेच आखायचे. यजमानांनी त्यांना चहा पाजायचा आणि गप्प बसायचं. सासरच्या माणसांनी आपल्या स्वयंपाकघरात शिरावं तसं वाटायचं, पण इलाज नसायचा.

दुसरा नियम फेऱ्यांचा. त्याला एक इतिहास होता. सुरुवातीच्या वर्षांत ज्यानं त्यानं आपापल्या खेळाडूच्या फेऱ्या मोजल्या. लांबच्या शर्यतीत कुणी एक फेरी खाल्ली, कुणी दोन, आणि बक्षीस वाटायच्या वेळी एवढी भांडणं झाली की गावच्या सरपंचाला येऊन मिटवावी लागली. तेव्हा ठरलं: आपली पोरगी आपण मोजायची नाही. तिच्या फेऱ्या समोरच्या कॉलेजची पोरगी मोजणार. तिच्या डाव्या मुठीत फेऱ्यांएवढे चिंचोके द्यायचे. पळणारी समोरून गेली की एक चिंचोका उजव्या मुठीत. डावी मूठ रिकामी झाली की शर्यत संपली. आणि काही वाद झाला तर मोजणारीचा शब्द शेवटचा, सरांचासुद्धा नाही.

शहरातले लोक हसायचे आम्हाला. हसोत बापडे. मी नंतर पुष्कळ मोठ्या स्पर्धा पाहिल्या, पायाला चिप लावून वेळ घेणाऱ्याही पाहिल्या. पण ज्याला हरवायचं आहे त्याच्याच हातात आपला हिशेब द्यायची छाती मला कुठं दिसली नाही.

मंडळ मोडलं ते भांडणानं नाही. नोकरभरतीत खेळाडूंच्या जागा आल्या, पण त्यासाठी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं लागायचं. आमच्या मंडळाचं प्रमाणपत्र भिंतीला लावायच्या कामाचं. पोरं विचारायला लागली, "सर, याचे मार्क भेटतेत का?" सर काय सांगणार? त्यात जुने सर निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. मग एका वर्षी कुणीच कुणाला बोलावलं नाही. एवढं सगळं उभं करणारी माणसं, पण मंडळ बंद झाल्याचा एक ठराव त्यांच्या हातून झाला नाही. मला वाटतं, त्यांना तो करवला नसेल.

माझं मंडळाशी नातं आहे ते एका शर्यतीमुळं. ती मी हरले.

तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी पडेगावच्या पुढं आमच्या शेतात. मला बीपीएड, म्हणजे खेळाच्या शिक्षकाची पदवी, करायची होती. त्यासाठी विदर्भात जाऊन वसतिगृहात राहावं लागणार होतं. आमच्या घराण्यातली एकही मुलगी तोवर लग्नाशिवाय घराबाहेर राहिलेली नव्हती. अण्णा आडमुठे नव्हते, पण त्यांना भीती होती. "परकं गाव, परकी माणसं," ते म्हणायचे. "तिथं आपलं कोण हाये? कुणी फशिवलं तर कुणाला सांगशील?" मी नुसती फुगून बसायचे. शेवटी आईनं रदबदली केली आणि अण्णा म्हणाले, "मंडळात पैली ये. मंग बोलू."

त्या वर्षी मंडळ आमच्याच कॉलेजात होतं. अण्णा कंपनीत रजा टाकून आले. मला पळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. पांढरा शर्ट घालून, बांधावर उभे राहतात तसे दोरीच्या कडेला उभे राहिले.

तीन हजार मीटरची शर्यत. आमचा माळ लहान, ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे पंधरा फेऱ्या. माझी खरी टक्कर होती फर्दापूरकडच्या कॉलेजच्या मुलीशी. उंच, काटक, आणि दम असा की पळून झाल्यावरही बोलू शकायची. माझ्या फेऱ्या मोजायला तिच्याच वर्गातली एक पोरगी बसली होती, दोन घट्ट वेण्या घातलेली, ठेंगणी. शर्यतीआधी तिनं मला मूठ उघडून चिंचोके मोजून दाखवले. "बघून घे, नंतर म्हनशील कमी हुते," म्हणाली. मला तिचा रागच आला.

दहाव्या फेरीपर्यंत मी पुढं निघाले होते. मागं पडलेल्या मुली आता ट्रॅकवर जागोजागी विखुरल्या होत्या, कोण कितव्या फेरीत आहे ते कळेना. घंटा वाजवायला आमच्या गणिताच्या सरांना बसवलं होतं. पुढच्या मुलीची शेवटची फेरी सुरू झाली की त्यांनी घंटा द्यायची. ते गडबडले आणि त्यांनी घंटा एक फेरी आधीच दिली. गणिताच्या सरांनीच! आमच्या कॉलेजात पुढं कित्येक वर्षं यावरून त्यांची थट्टा व्हायची.

घंटा ऐकली आणि मी जीव खाऊन सुटले. अंगात होतं नव्हतं ते सगळं त्या फेरीत ओतलं. रेषा ओलांडली आणि तशीच मातीत बसले. आमच्या पोरी नाचायला लागल्या. मी मान वर करून अण्णांना शोधलं तर तेही टाळ्या वाजवत होते. मनात म्हटलं, झालं, गेले मी विदर्भात.

तेवढ्यात ती उंच मुलगी माझ्या बाजूनं निघून गेली. ती थांबलीच नाही. तिच्या फेऱ्या मोजणारी आमच्या कॉलेजची होती, आणि ती नियमाप्रमाणं तिला ओरडून सांगत होती, "आजून एक हाये!"

आणि माझी मोजणारी दोरीखालून आत घुसली. पळणारीला हात लावला तर ती बाद होते, म्हणून तिनं उजवा हात पाठीमागं घट्ट धरला होता आणि डावी मूठ माझ्या तोंडासमोर उघडली होती. त्यात एक चिंचोका होता. "ऊठ की! एक ऱ्हायलाय तुझा! घंटा खोटी हाये, ऊठ!" मागून तिच्याच कॉलेजची पोरं तिच्यावर खेकसत होती, "आगं ये, गप बस ना! आपली जिंकायली!" तिनं वळूनही पाहिलं नाही. माझ्यावरच ओरडत राहिली, वेण्या हलवत, डोळे वटारून, जणू मी तिची धाकटी बहीण होते आणि शाळेला उशीर करत होते.

मी उठले. ती शेवटची फेरी मी कशी पळाले ते मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की ती ठेंगणी दोरीच्या आतून माझ्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत पळत आली. मी दुसरी आले, बरीच मागून. माझं सोनं त्या खोट्या घंटेनं नेलं.

आमच्या पोरींनी कालवा केला. घंटा चुकली, शर्यत पुन्हा घ्या. आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी त्या ठेंगणीला बोलावलं, किती फेऱ्या झाल्या विचारलं. तिनं उजवी मूठ उघडून पंधरा चिंचोके दाखवले. सर म्हणाले, "मोजणारीचा शब्द शेवटचा. शर्यत पुरी झाली." आपल्या मैदानावर, आपल्या माणसाच्या चुकीनं, आपलीच खेळाडू हरली आणि तरी स्पोर्ट्सच्या सरांनी नियम मोडला नाही. तेव्हा मी त्यांच्यावर दात ओठ खाल्ले. आज सांगताना माझी मान ताठ होते.

मी एका बाजूला बसून रडत होते, रागानं. अण्णा माझ्याकडे आलेच नाहीत. ते सरळ त्या पोरीकडे गेले. मला ऐकू येत होतं.

"बाई, तुमचीच पोरगी जिंकायली हुती. मंग तू गप का नाय ऱ्हायली?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू तिला प्रश्नच कळला नव्हता. म्हणाली, "मंग मला मोजायला कशाला बसिवलं, काका?"

अण्णांनी मान हलवली. तिचं गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून परत आले. मग मोटारसायकल काढली आणि आम्ही घरी निघालो. मी मागं बसून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. बीपीएड गेलं, शर्यत गेली, आता वर्षभरात बोहल्यावर उभं राहायचं.

घरी आई दारातच उभी होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणला. अण्णांनी गाडी लावली, पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाले, "दुसरी आली."

आई म्हणाली, "मंग आता?"

"आता काय? कपडे भर तिचे," अण्णा म्हणाले. "जिथं समोरच्या पार्टीची पोरगी बी खरं मोजती, तसल्या खेळाच्या माणसांत पोरीला धाडायला कशाचं भेव?" मग माझ्याकडे वळून, थोडं दरडावूनच, "रडू नको. कधी निघायचं तेवढं सांग."