माझ्या वाकड्या गिटारचा हलता ब्रिज

आमच्या ऑर्केस्ट्रात मी जी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो ती कमरेत वाकडी आहे. कुणी आपटली-बिपटली नाही, जन्मतःच तशी. ऑफसेट म्हणतात त्या जातीला. स्टँडवर तासभर एसटीची वाट बघून माणूस एका पायावर भार टाकतो, तशी ती उभी असते. पुण्याच्या एका पोराकडून मी ती जुनी घेतली आणि सांगलीपर्यंत मांडीवर बसवून आणली. कंडक्टर तिचं अर्धं तिकीट फाडायला लागला होता. पाच वर्षांखालची आहे म्हणून सांगितलं तेव्हा कुठं ऐकलं.

दिवसा मी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. निम्म्या जिल्ह्याचा ऊस माझ्या हातानं पाणी पितो, असं मी सांगतो आणि अजून तरी कुणी मोजायला गेलेलं नाही. आमच्या धंद्यात एकच धर्म: मोटार बसवली की फाउंडेशन बोल्ट असे आवळायचे की भिंत हलावी पण मोटार हलू नये. हललं म्हणजे बिघडलं. हा धर्म मी गिटारला लावला आणि सगळा घोळ तिथं झाला.

घोळाआधीचं दुखणं असं. या गिटारला खाली एक दांडी असते. वाजवता वाजवता ती दाबली की सूर खाली लवतो आणि सोडली की वर येतो. यायला पाहिजे. माझा यायचा नाही. पहिल्या गाण्याला सांगलीत लावलेली तार चौथ्या गाण्यापर्यंत जत ओलांडून कर्नाटकात गेलेली असायची. एका बारशात तर पाळण्यातल्या बाळानं असा काही भोंगा काढला की लोकांनी बाळालाच सुरात आहे म्हणून शाबासकी दिली.

आमचा म्होरक्या ऑक्टोपॅड वाजवतो आणि एरवी भांड्यांचं दुकान चालवतो. त्यानं मला दुकानात बोलावून घेतलं आणि एका पातेल्यावर बोटं वाजवत निकाल दिला.

"गड्या, लय झालं. म्होरल्या ऐतवारी कवठे महांकाळला जत्रंचा प्रोग्राम हाय. तितं जर तुजी ही बया उतरली, तर गिटारीचं समदं मी कीबोर्डवर घेनार."

"कीबोर्डवर? गिटार?"

"चोवीस नंबरचं बटन हाय. वर गिटार म्हनूनच लिवलंय. उतरत न्हाई, रुसत न्हाई, आन् मटनाच्या पंगतीला तुज्यावानी दोनदा बसत न्हाई."

अठरा वर्षं मी या ऑर्केस्ट्रात आहे. माझ्यासमोर दोन गायिका आजी झाल्या. आणि आता माझ्या जागी बटण! त्या रात्री मला भाकरीवरसुद्धा चोवीस आकडा दिसायला लागला.

सकाळी माझ्या मोटारींच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून गिटार बाकावर आडवी घेतली. तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. मिरजेचे सतारवाले घोडी म्हणतात तीच वस्तू. तारा ढिल्या करून मी ब्रिजला बोट लावलं आणि तो चक्क पुढं-मागं डुलला. नीट बघितलं. दोन पाय, प्रत्येक पायाच्या बुडाला टोकदार स्क्रू आणि ते टोक एका इवल्याशा वाटीत नुसतं टेकवलेलं. नट नाही, बोल्ट नाही. मी मागच्या घराकडं तोंड करून ओरडलो, "सापडलं! ह्याला फाउंडेशनच न्हाई!"

बायको आतून म्हणाली, "तुमाला तरी कुटं हाय?"

मी लक्ष दिलं नाही. एम-सील मळलं आणि दोन्ही वाट्यांत, पायांभोवती, जागा दिसेल तिथं कोंबलं. जेवढं लावलं तेवढ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाचा एखादा खांब सहज बसला असता. दुसऱ्या दिवशी ब्रिज असा पक्का झाला की मी त्याला धरून गिटार उचलली. मग ऐटीत तारा लावल्या, दांडी दाबली, सोडली.

सूर गेला तो गेलाच. ब्रिज जागचा हलेना, म्हणून तारा त्याच्यावरून खरडत पुढं गेल्या आणि तिथंच अडकून बसल्या. सगळ्यात बारकी तार तर खाचेतून उडी मारून शेजारच्या तारेच्या गळ्यात पडली. वर असला खर्रर्र आवाज, की दुरुस्तीला आलेल्या शेतकऱ्यानं आपल्या मोटारीकडं काळजीनं बघितलं.

बुधवारी बायको माहेरी कोयनानगरला निघाली. मी गिटार आणि हत्यारांची पिशवी उचलून तिच्या मागं चालू लागलो.

"तुमी कशाला?"

"मामांना भेटून लय दिवस झालं."

"सा वर्षांत कवा आठवण झाली न्हाई ती?"

मामा म्हणजे माझे सासरे. वीजघराच्या मशिनरीवर उभा जन्म काढून निवृत्त झालेले. तिथं जमीन अधूनमधून अंग झाडते आणि लोक तिला घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्याइतकंच महत्त्व देतात. मामांनी गिटार हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच. तबकडीसारखी फिरवली, चष्मा कपाळावर नेला आणि ब्रिजजवळ नाक नेलं.

"जावईबापू, ह्ये काय भरलंय?"

"एम-सील, मामा. हलत हुतं."

"मग हलू द्यायचं की."

"आवं, हलतंय म्हंजे सैल हाय!"

"ज्यानं ह्ये केलं त्याला दोन खिळं मिळालं न्हवतं व्हय? टोक कशापायी काढत बसला? खाली वाटी कशाला दिली?" मग त्यांनी भिंतीवरच्या आरशाकडं बोट केलं. "त्यो दोनदा भितीत पक्का बसवला. दोन्ही येळंला तडाकला. आता एका खिळ्याला दोरीवर हाय. हलतो आन् जाग्यावर येतो. हललं का न्हाई ह्ये नगा बगू. परत येतंय का न्हाई, त्येवढंच बगा."

मी दांडी दाबून दाखवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: दांडीबरोबर तारा सरकणार, तारांबरोबर ब्रिज डुलणार, आणि दांडी सोडली की तिघं एकत्र घरी येणार. करणाऱ्यानं सगळं आधीच जुळवून ठेवलेलं होतं आणि मीच त्यात गाठी घालत बसलो होतो.

मग आम्ही दोघं भिडलो. सोल्डरिंग आयर्ननं एम-सील तापवून मऊ केलं आणि सासूबाईंच्या गोधडीच्या दाभणानं उकरलं. ज्या पातळ तारा होत्या त्या फेकल्या. त्या मी हौसेनं लावल्या होत्या. ताणायला हलक्या, आणि ताणताना तोंडावर जी वेदना दाखवायची ती मी फुकटात दाखवायचो. पिशवीतल्या जाड तारा चढवल्या, कारण ब्रिजला वाटीत दाबून धरायला वजन लागतं. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा गिटारची मान खोलून तिच्या बुडाशी मोटारीच्या खाचांत घालायच्या इन्सुलेशन कागदाची चिंचोळी पट्टी सारली. मान जराशी मागं झुकली, ब्रिज उंच घ्यावा लागला आणि तारा त्याच्यावरून चांगल्या कलानं खाली उतरायला लागल्या. ब्रिजवर तारा ज्यांत बसतात ते उथळ खाचांचे जुने तुकडे काढून खोल खाचांचे नवे घातले. ते मी आधीच कुरियरनं मागवून बायकोपासून लपवले होते. राहिले पायातले टोकाचे स्क्रू. ते आवाजाच्या थरथरीनं आपोआप फिरत आणि ब्रिज हळूहळू खाली बसे.

"ह्यांना कशानं तरी हलकं धरायला पायजे," मामा म्हणाले. "पुन्यांदा सोडवता आलं पायजे, असं."

मी बायकोच्या पर्सकडं बघितलं.

"आवं, ती भावाच्या साखरपुड्याला आनलीया!" ती ओरडली, पण तोवर डाळिंबी नेलपॉलिशचा एकेक थेंब दोन्ही स्क्रूंच्या आट्यांवर पडलेला होता.

वाळल्यावर ब्रिज सरळ उभा केला, सूर लावले आणि जीव मुठीत धरून दांडी पार खाली दाबली.

घर हललं.

खोटं सांगत नाही. कपाटातले पेले किणकिणले, आरसा दोरीवर झुलला, पायाखालून ट्रक गेल्यासारखं झालं. मला वाटलं, हे आपलंच काम! मी दांडी सोडली, गिटार छातीशी धरली आणि एका चपलेवर अंगणात. मागं वळून बघतो तर सासूबाई दुधाच्या पातेल्यावर हात ठेवून उभ्या, बायको हसून हसून खाली बसलेली, आणि मामा दारात चहाची बशी फुंकत.

"बारका हाय, जावईबापू. या आत. आन् ती वाजवून बगा."

मी अंगणातच सहाही तारा छेडल्या. वर दांडी, खाली दांडी, वरून धरणीमाता. तरी सगळ्या जागच्या जागी. शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी टाळी वाजवली. भूकंपाला कोयनानगरात कुणी टाळी वाजवत नाही, तेव्हा ती मलाच होती.

रविवारी कवठे महांकाळला दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलेलं. जनरेटर असा थरथरत होता की माईकवाल्याचे दात गाण्याच्या ठेक्यात वाजत होते. कीबोर्डवाला पहिल्यापासून चोवीस नंबरच्या बटणावर बोट ठेवून बसला. मी प्रत्येक गाण्यात दांडी दाबली. गरज होती तिथं आणि नव्हती तिथंही. भक्तिगीतात दाबली. आभारप्रदर्शनात दाबली. ब्रिज डुलायचा आणि मुकाट परत यायचा. अकराव्या गाण्याला म्होरक्या ऑक्टोपॅडवरून माझ्याकडं बघत होता, बाराव्याला त्यानं हातातली काडी लांबवून कीबोर्डवाल्याच्या बोटावर मारली.

"काड त्ये बोट तितनं! गिटार हाय की आपली!"

पंगतीला बसलो तेव्हा मामांचा फोन आला.

"हललं का?"

"लय हललं, मामा."

"आन् परत?"

"दर येळंला आलं."

"मग जेवा," म्हणाले आणि फोन ठेवला. मी जेवलो. दोनदा.